मणके बसवणारी लिबी कुबिचेक

वेल्का गावात ‘डॉक’ म्हटलं की लोकांना वेंझल कुबिचेक आठवायचा. त्याची थोरली मुलगी लिबी त्याच घरात, त्याच टेबलापाशी पंचवीसेक वर्षं काम करत होती. बाप शिकला त्याच डेव्हनपोर्टच्या कॉलेजात शिकून आली होती. तरी ती आपली नुसती लिबी. बायका म्हणायच्या, “डॉक नसेल तर लिबी चालेल.” लिबीला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. टेबलावर पालथा पडलेल्या माणसाला वर हात कोणाचे आहेत ते दिसत नाही, असं ती म्हणायची.

बापलेक दोघंही कायरोप्रॅक्टर. मणके बसवायचे, आखडलेली मान सोडवायची, भरलेली कंबर मोकळी करायची, हा धंदा. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या त्या भागात सगळी चेक शेतकऱ्यांची वस्ती. धारा काढून, मक्याची पोती उचलून, ट्रॅक्टरवर हिसके खाऊन माणसं वाकडी व्हायची आणि कुबिचेकांच्या पुढच्या खोलीत येऊन सरळ होऊन जायची. खोलीत चामड्याचं एक लांब टेबल होतं, तोंड ठेवायला त्याला फट होती. भिंतीवर पाठीच्या कण्याचं पुरुषभर उंचीचं चित्र होतं. प्रत्येक मणक्यातून एकेक नस निघालेली आणि नसेच्या टोकाला कान, घसा, फुप्फुस, पोट, मूत्राशय. वेंझल काठीच्या टोकानं चित्र दाखवत आयांना सांगायचा, “बाई गं, कान दुखतो तो कानामुळे नाही. हा इथला मणका सरकलाय, नस चिमटलीय. मणका बसवला की कान आपोआप गप्प बसेल.”

हे तो ज्या ठामपणानं सांगायचा, त्याला कारण होतं. लिबी सहा वर्षांची असताना वेंझल तुरुंगात जाऊन आला होता. तेव्हा या धंद्याला आयोवात परवाना मिळत नसे, आणि परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून कोणीतरी तक्रार केली होती. न्यायाधीशानं दंड ठोठावला. वेंझल म्हणाला, मी दंड भरणार नाही, मी गुन्हा केलेलाच नाही. मग आत बसला. शेतकरी तुरुंगाच्या दारात रांग लावायचे. खुद्द शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, आखडलेली मान त्यानं कोठडीच्या गजांतून हात घालून बसवली, असं गावात सांगत. वेंझल सांगायचा तेव्हा त्यात गज नसायचे, शेरीफ आत येऊन बाकावर पालथा पडायचा. लिबी आईबरोबर कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन जायची, आणि कोठडीतला बाप एक कोलाचा स्वतः खाऊन बाकीचे शेजारच्या दारुड्याला द्यायचा, एवढं तिला पक्कं आठवत होतं. ज्या घरात बाप एका विश्वासापायी तुरुंगात गेला, त्या घरात त्या विश्वासावर बोट ठेवायची सोय नसते. लिबीनं ते कधी ठेवलं नाही.

ती उंच होती, हाडापेरानं मोठी, आवाज खालचा. लग्न केलं नाही. डेअरीतला एक लाडिस्लाव बरीच वर्षं तिच्या मागे होता, पण त्याला बायको घरात हवी होती आणि लिबीला दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहण्याचा कंटाळा होता. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की ती गळ घेऊन नदीवर जायची आणि कॅटफिश पकडून आणायची. गावातल्या बायका नाक मुरडायच्या आणि मासे मागून घ्यायच्या.

लहान मुलं तिच्याकडे जास्त यायची, कारण वेंझलच्या हातांना ती घाबरायची. त्याचा हात दणकट, मान वळवली की कट्‌कन आवाज. लिबी मुलांना टेबलावर घेतच नसे. आईच्या मांडीवर पालथं घालायची आणि दोन बोटांनी पाठ चाचपायची. बिछाना ओला करणारी मुलं, रात्रंदिवस रडणारी तान्ही, कान फुटलेली, दम लागणारी, सगळी यायची. बरीचशी बरी व्हायची. आया कौतुक करायच्या.

पण लिबीला बघायची सवय होती. गळ टाकून तासन्‌तास पाण्याकडे बघणारी बाई ती. एका हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद झाले आणि बिछाना ओला करणारा एक पोरगा वसंतापर्यंत आलाच नाही. आला तेव्हा त्याची आई म्हणाली, “आता नाही करत तो.” लिबीनं विचारलं, “कधीपासून?” “नाताळानंतर थांबलं बघ आपोआप. तुझ्याच हाताचा गुण, उशिरा लागला.” लिबी नुसती हसली. पुढेही असं बऱ्याचदा झालं. जी मुलं यायची ती बरी व्हायची, आणि जी यायची बंद व्हायची त्यांतलीही बरी व्हायची. ती हे बापाजवळ बोलली नाही. पाठीचं मात्र तिला कळत होतं. कंबर धरून वाकत आलेला माणूस ताठ होऊन जाताना ती डोळ्यांनी बघत होती, तिथे तिला शंका नव्हती.

तिची धाकटी बहीण व्लास्ता गावाबाहेर शेतावर राहायची. नवरा एमिल स्टोलबा, अबोल, डुकरं पाळणारा. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना एकच मुलगी झाली, डोरीन. दुसरीत होती तेव्हा एक दिवस वर्गात फळ्यापाशी उभी असताना ती कोसळली आणि हातपाय झाडू लागली. मग घरी. मग चर्चमध्ये. व्लास्तानं तिला डॉक्टर मॅककिबनकडे नेलं. गावातला खराखुरा डॉक्टर तोच. त्यानं शहरात पाठवून तपासणी करून घेतली, फेफरं आहे म्हणून सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या.

झटके कमी झाले. पण पोरगी पेंगुळली. जेवताना मान खाली पडायची. बेरजा करायची त्या विसरली. व्लास्ता रविवारी बापाकडे जेवायला आली की तिचं एकच रडगाणं.

“माझी पोर कुठे गेली तेच कळत नाही,” ती म्हणाली. टेबलावर भाजलेलं डुकराचं मांस, आंबट कोबी, उकडीचे गोळे. डोरीन काट्यानं एक गोळा नुसताच ढकलत बसलेली. “बडबड करून डोकं उठवायची. आता विचारलं तर हं, नाही विचारलं तर हं.”

वेंझल नातीकडे बघत होता. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, पण नजर शाबूत. “अगं, मेंदूला झोपवून आजार जातो होय? मेंदूतून नस निघते ती मानेतून जाते. मानेचा पहिला मणका बघितला का कोणी? त्या मॅककिबननं हात तरी लावला का तिच्या मानेला?”

“नाही.”

“मग!” वेंझलनं सुरी खाली ठेवली. “आण तिला माझ्याकडे. आणि त्या गोळ्या टाक डुकरांना. डुकरं तरी शांत झोपतील.”

एमिल हसला. व्लास्ता हसली नाही. तिनं लिबीकडे पाहिलं.

लिबी म्हणाली, “गोळ्या बंद करायच्या नाहीत.”

“का?” वेंझलनं विचारलं.

“झटके कमी झालेत म्हणून.”

“आणि पोर कमी झाली ते?”

“ते डॉक्टरला सांगा. तो गोळी बदलून देईल, नाहीतर कमी करेल. त्याला न विचारता बंद नाही करायची.”

“माझ्या टेबलाशी जेवायला बसून त्याची वकिली करतेस?” म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. लिबीनं ताटातलं मांस कापायला घेतलं. शेवटी व्लास्तानंच मधला मार्ग काढला. गोळ्या चालू ठेवायच्या आणि दर शनिवारी डोरीनला लिबीकडे आणायचं. लिबी हो म्हणाली. हो म्हणताना तिला स्वतःच्या मनातलं नीट ठाऊक होतं. मणक्यानं फेफरं जाईल असं तिला वाटत नव्हतं. पण ती नाही म्हणाली असती तर पोर बापाच्या हाती गेली असती.

डोरीनला शनिवार आवडू लागला. लिबी तिच्या मानेला झटका देत नसे, नुसती पाठ चोळायची, खांदे मोकळे करायची आणि गप्पा मारायची.

“मावशी, माझ्या डोक्यात काय झालंय?”

“डोक्यात विजा असतात, सगळ्यांच्याच. तुझ्या कधीकधी एकदम चमकतात.”

“तुझ्या चमकतात?”

“माझ्या म्हाताऱ्या झाल्यात. बल्ब लावला तर पेटायचा नाही.”

पोरगी खिदळायची. तो सगळा उन्हाळा तिला एकही मोठा झटका आला नाही. व्लास्तानं डॉक्टरला सांगून गोळी थोडी कमी करून घेतली होती, त्यामुळे पोर जरा जागीही झाली. पण गावात बातमी गेली ती निराळीच. कुबिचेकांच्या घरी फेफरं बरं करतात. वेंझल अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “माझ्या नातीलाच विचारा.” लिबी आतून ऐकायची. एकदा ती बाहेर येऊन म्हणाली, “बाबा, ती गोळ्या घेतेय तेही सांगा की.” वेंझल म्हणाला, “तू तुझं काम कर.”

ऑगस्टच्या शेवटी मस्कटीन शहरातून फोन आला. लिबीच्या कॉलेजातली जुनी मैत्रीण, तिथे मणक्यांचाच दवाखाना चालवणारी, मनगट मोडून घरी बसली होती. काही आठवडे येऊन माझे रोगी सांभाळशील का, म्हणून विचारत होती. लिबी गेली. जाताना व्लास्ताला सांगून गेली की मी नसताना शनिवारी यायची गरज नाही.

पण व्लास्ता आली. एका शनिवारी तिला गावात सामान घ्यायचं होतं, पोर बरोबर होती, आणि म्हातारा दारातच उभा होता. त्यानं डोरीनला टेबलावर घेतलं, मान बघितली आणि कट्‌कन बसवली. मग व्लास्ताला म्हणाला, “हा मणका आज बसला. लिबी नुसती कुरवाळत होती. आता नस मोकळी झालीय, आणि तू वरून तिला विष चारशील तर माझ्या हाताचा काय उपयोग? आजपासून गोळी बंद. मी सांगतो.”

व्लास्ता मूर्ख नव्हती. पण सगळा उन्हाळा बरा गेला होता, आणि बाप ज्या आवाजात बोलला त्या आवाजात तो तिला लहानपणापासून सांगत आला होता. तिला आपली बडबडी पोर परत हवी होती. तिनं गोळ्यांची बाटली कपाटात वर ठेवून दिली. दोन-तीन दिवस डोरीन खरंच टवटवीत दिसली. खूप बोलली, खूप हसली, रात्री झोपेना. व्लास्ताला त्याचाही आनंद झाला.

सुगीची जत्रा चर्चच्या पटांगणात भरली त्या दिवशी लिबी मस्कटीनहून परतली. घरी कोणी नव्हतं म्हणून ती सरळ पटांगणात आली. सगळं गाव तिथे. बँड वाजत होता, लांब टेबलांवर राईचा पाव, सॉसेज, कोलाच्यांचे ढीग, आणि उन्हात तापलेली बिअर. डोरीन मुलांबरोबर पोत्याच्या शर्यतीत होती. लिबीनं लांबून हात केला. पोरीनं हात वर केला आणि तो तसाच वर राहिला. मग ती पोत्यासकट पडली. इतर मुलांना ती गंमत वाटली.

लिबी धावली. झटका तिनं आधी पाहिलेला होता. तो येतो, जातो, पोर झोपी जाते. तिनं डोरीनला कुशीवर वळवलं, पोतं ओढून काढलं, डोक्याखाली स्वतःचा कोट घातला. लोक गोळा झाले. बँड थांबला. झटका थांबला नाही. जरा सैल झालासा वाटायचा आणि पोरीचं अंग पुन्हा ताठ व्हायचं. ओठ निळसर पडू लागले.

गर्दीतून वेंझल आला. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हात पोरीच्या मानेकडे नेले. “मणका पुन्हा सरकलाय,” तो म्हणाला. “धर तिला. घट्ट धर.”

“हात लावू नका.”

“लिबी, बाजूला हो.”

तेव्हा लिबीनं बापाला ढकललं. दोन्ही हातांनी, छातीवर. म्हातारा मागे गवतात बसला, त्याची हॅट घरंगळत गेली. सगळ्या गावासमोर. लिबी ओरडली, “मॅककिबन कुठे आहे? बोलवा त्याला!” डॉक्टर पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला घोड्याचे नाल फेकायचा खेळ खेळत होता. तो धावत आला, गाडीतून बॅग मागवली आणि तिथेच गवतावर इंजेक्शन दिलं. लिबीकडे त्यानं पाहिलंही नाही. पंचवीस वर्षं एका गावात राहून त्या दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता.

गावात अँब्युलन्स नव्हती. मयताची गाडी तीच आजाऱ्यांची गाडी. तिच्यात डोरीनला घातलं आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हॉस्पिटलकडे निघाले. डोक्याशी डॉक्टर, मध्ये व्लास्ता, पायाशी लिबी. एमिल मागून ट्रकमधून येत होता.

झटके आता विरळ होत होते. डॉक्टर नाडी धरून बसला होता. तो म्हणाला, “गोळ्या चालू होत्या ना?”

व्लास्ता खिडकीबाहेर बघत होती. “बंद केल्या.”

“कधी?”

“मागच्या शनिवारी.”

“एकदम?”

तिनं मान डोलावली.

“कोणी सांगितलं?”

मक्याची पिवळी शेतं मागे जात होती. लिबी म्हणाली, “आमच्या घरातून सांगितलं.”

डॉक्टरनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग पोरीची नाडी पुन्हा मोजायला लागला.

डोरीन जगली. पण शुद्धीवर आली तेव्हा उजवा हात उचलेना, आणि शब्द शोधायला तिला वेळ लागायला लागला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की बरंच भरून येईल, सगळं येईल की नाही ते आज सांगता येणार नाही. हे ऐकून व्लास्ता व्हरांड्यात आली. लिबी बाकावर बसली होती.

“तू का गेलीस?” व्लास्ता म्हणाली.

“व्लास्ता—”

“तुला ठाऊक होतं बाबा कसे आहेत ते. तुला पहिल्यापासून ठाऊक होतं की याचा काही उपयोग नाही. मग दर शनिवारी माझ्या पोरीची पाठ कशाला चोळत होतीस? मला काय वाटणार? मला वाटलं, तुझ्या हातानंच बरं वाटतंय.” ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

लिबीनं यावर बराच वेळ विचार केला. बहीण रागानं बोलली होती, पण खोटं बोलली नव्हती.

सकाळी ती घरी आली तेव्हा वेंझल स्वयंपाकघरात सूप पीत बसला होता. हॅट डोक्यावर तशीच.

“पोर कशी आहे?”

“शुद्धीवर आलीय. उजवा हात उचलत नाही.”

म्हाताऱ्यानं चमचा ठेवला. त्याचा चेहरा उतरलेला होता, हे लिबीला दिसलं. तो म्हणाला, “हात उचलत नाही म्हणजे मानेचा खालचा भाग बघायला हवा. घरी आली की आण.”

लिबी उभीच होती. “बाबा, तुम्ही तिला हात लावायचा नाही. तिलाच नाही, कुठल्याच पोराला. या घरात आता मुलं घ्यायची नाहीत.”

“या घरात? घर कोणाचं आहे?”

“तुमचं.”

“मी तुरुंगात गेलो ते कशासाठी, विसरलीस? हेच म्हणत होते ते मॅककिबनसारखे लोक. हात लावू नका, हात लावू नका.”

“तुरुंगात तुम्ही गेलात बाबा, तुमच्या मनानं गेलात. डोरीनला कोणी विचारलं?”

वेंझलनं सूप संपवलं. मग म्हणाला, “आणखी थोडे दिवस मिळाले असते तर मणका पक्का बसला असता.” हेच वाक्य तो पुढे शेवटपर्यंत म्हणत राहिला.

लिबीनं आपलं सामान बांधलं. आधी ती बेकरीवरची खोली बघत होती. पाठदुखीच्या लोकांना जिना चढायला लावणार म्हणून गावात हशा झाला. मग जुन्या डेअरीच्या ऑफिसची रिकामी जागा मिळाली. नवं टेबल तिनं सुताराकडून करून घेतलं. कण्याचं चित्रही लावलं, पण त्यात नुसती हाडं होती.

गाव दोन्हीकडे विभागलं. म्हाताऱ्या मंडळींना बापाला गवतात पाडणारी मुलगी मान्य नव्हती. काहींनी तिच्याकडे पाहणं सोडलं. तरण्या शेतकऱ्यांना कंबर सरळ झाल्याशी मतलब. पहिलं वर्ष ओढाताणीत गेलं, मग जम बसला.

त्या वर्षी ती एक दिवस मॅककिबनच्या दवाखान्यात गेली. बाकावर इतर रोग्यांबरोबर बसली आणि नंबर आला तेव्हा आत गेली.

“काय होतंय?” डॉक्टरनं विचारलं.

“मला काही होत नाही. मी विचारायला आलेय. आया माझ्याकडे मुलं आणतात, आणि मी नको म्हटलं तरी आणणार. कोणतं मूल बघितल्याबरोबर तुमच्याकडे धाडायचं, ते मला सांगा.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकला. डॉक्टरांच्या संघटनेला मणकेवाल्यांशी व्यवहार पसंत नव्हता, आणि त्यालाही नव्हता. “सगळीच,” तो म्हणाला.

“सगळी नाही येणार. निम्म्या आयांना तुमची भीती वाटते. तुम्ही खेकसता.”

“मी खेकसतो?”

“आत्ताही खेकसताय.”

तो उठला, दार लावलं आणि सांगायला लागला. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून ओकणारं मूल. चालता चालता एकाएकी झोकांड्या खाणारं. शिकलेलं विसरत जाणारं. ताप असून मान पुढे वाकवता न येणारं. पाय लुळा पडत चाललेलं. लिबी ऐकत होती, मध्येच विचारत होती, आणि तो उत्तरं देत होता. शेवटी म्हणाला, “तुम्ही इथे आला होता हे मी कोणाला सांगणार नाही.”

“मीही नाही. माझी अब्रू जाईल,” लिबी म्हणाली.

त्यानंतर ती मुलांना त्याच्याकडे पाठवू लागली. आयांना सांगायची, “आधी मॅककिबन. त्याला बघू दे. मग पाठ दुखत असेल तर माझ्याकडे.” रस्त्यात समोरासमोर आले तर डॉक्टर पूर्वीसारखाच न बघता जायचा.

व्लास्ता दोन हिवाळे तिच्याशी बोलली नाही. मग एक दिवस अडलेलं वासरू ओढताना तिची कंबर गेली आणि एमिलनं तिला ट्रकमधून आणलं. “पाठ गेलीय म्हणून आलेय,” व्लास्ता टेबलावर पालथी पडत म्हणाली. “बोलायला नाही.” लिबीनं कंबर बसवली. व्लास्ता उतरली, चार पावलं चालून बघितली आणि म्हणाली, “डोरीन डाव्या हातानं लिहायला शिकलीय.” मग रडली. लिबीनं तिला पाणी दिलं. दोघी जरा वेळ बसल्या. नव्या औषधावर डोरीनचे झटके जवळपास थांबले होते. उजव्या हाताची पकड मात्र पुरती परत आली नाही. पुढे ती कोंबड्यांची पिल्लं उबवायच्या कारखान्यात कामाला लागली, तिथे तिचं छान चाललं.

वेंझलचे हात थरथरायला लागले ते एकोणीसशे साठ सालानंतर. आधी थंडी आहे म्हणाला. मग उन्हाळा आला तरी हात थरथरत राहिले. रोगी कमी होत गेले. लिबी सकाळी त्याची दाढी करून द्यायला जाऊ लागली. तिनं मॅककिबनचं नाव काढलं की तो तोंड फिरवायचा. दाढी झाली की म्हणायचा, “मान बघ जरा. मानेतून आहे हे.”

लिबी मान बघायची. साबण पुसून हळूहळू दोन्ही बाजूंनी दाबायची. थरथर थांबणार नाही हे तिला माहीत होतं. त्याला माहीत होतं की नाही, ते तिनं विचारलं नाही. “बरं वाटतं,” तो डोळे मिटून म्हणायचा. एका मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, तो खुर्चीतच गेला. तुरुंगातल्या दिवसांची गोष्ट पाद्र्यानं अंत्यविधीला सांगितली, गजांसकट. लिबीनं ती दुरुस्त केली नाही.

तिनं आणखी बरीच वर्षं काम केलं. शेजारच्या काउंटीतून एक तरुण बाई एकदा गाडी चालवत आली, मांडीवर कान फुटलेलं तान्हं. तिला कोणीतरी सांगितलं होतं की कुबिचेकांच्या हाताला गुण आहे.

लिबीनं बाळाच्या कानापाशी बोट नेलं तशी ते किंचाळलं. “कानात पू झालाय. अंग तापलंय. हे डॉक्टरचं काम आहे.”

“डॉक्टरकडेच गेले होते. औषध दिलंय, पण ते सारखं सारखं द्यायचं मला पटत नाही. तुम्ही नुसता मणका बसवा.”

“मणक्यानं कान बरा होत नाही.”

“तुमच्या वडिलांनी माझ्या आईचा केला होता.”

“तुमच्या आईचा बरा झाला. मणक्यानंच झाला असं मी नाही म्हणणार. औषध चालू ठेवा. उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर पुन्हा डॉक्टरला दाखवा.”

बाईनं बाळ गुंडाळलं. “इतक्या लांबून आले,” ती म्हणाली, आणि दार आपटून गेली. लिबी खिडकीशी गेली. डावीकडे वळली तर हॉस्पिटल, उजवीकडे वळली तर पलीकडच्या गावात एक नवा कायरोप्रॅक्टर बसायला लागला होता आणि तो तान्ही मुलं घेत असे. गाडी उजवीकडे वळली.

लिबीनं आत जाऊन नव्या कायरोप्रॅक्टरला फोन लावला, बाई येतेय, बाळाला ताप आहे, औषध बंद करू देऊ नका म्हणून सांगितलं. त्यानं काय उत्तर दिलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. बाहेर बाकावर एक डुक्करवाला कंबर धरून वाकडा बसला होता. तिनं हात धुतले आणि त्याला आत बोलावलं.